संध्याकाळचं धुणं

वैनी लग्न होऊन आमच्या घरी आली आणि तिला झोपच येईना. नव्या सुनेला सासरी झोप लागत नाही यात नवल नाही, पण तिचं कारण निराळं होतं. ती येलदरीची. तिचे वडील धरणावरच्या वीजघरात नोकरीला होते आणि तिथल्या क्वार्टरमध्येच ती लहानाची मोठी झाली होती. वीजघर चालू झालं की त्याची घरघर भिंतींतून, खाटेतून, ताटातल्या वरणातूनसुद्धा जाणवायची म्हणे. "तुमच्या गावात लय शांत हाय," ती मला म्हणाली, "कान ओस पडल्यासारखे झालेत माझे." मी तेव्हा दहावीला होते. ती माझ्याहून थोडीच मोठी. पहिले काही दिवस रिवाजाप्रमाणे ती मला 'शकूबाई' आणि 'तुमी' म्हणायची. मग एका दुपारी आम्ही दोघी माळवदावर कुरडया घालत होतो. वाऱ्यानं खाली अंथरलेल्या लुगड्याचं टोक उडालं, तशी ती एकदम म्हणाली, "शकू, तिकडून धर गं." तेव्हापासून मी तिची शकूच झाले आणि शेवटपर्यंत शकूच राहिले.

झरीहून जिंतूरकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत आमचं गाव. घर मातीच्या माळवदाचं, पुढं ओसरी, बाजूला गोठा. आबा, म्हणजे माझे वडील, माळकरी. घरात मांस-मासळी नावालाही नव्हती. माय चुलीपुढं बसली की तव्यावर भाकरी थापटल्याचा आवाज आणि आबांचं पुटपुटणं एका लयीत चालायचं. रोज ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी अंबाडीची भाजी, आणि पाहुणा आला की येसराची, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी. त्या येसराचा वास अजून कधी कुणाच्या स्वयंपाकघरातून आला तर मी जिन्यात थांबते. इथं परभणीत आमच्या शेजारच्या बाई बाजारातलं तयार येसर आणतात. वास तोच असतो. पण मायच्या आमटीवर जी लाल कड यायची, ती कुठल्या पुडीतून येत नाही.

वैनी मासे खाणाऱ्या घरातली. आमच्याकडं येताच तिनं ते मुकाट्यानं सोडलं. एकदा मी तिला विचारलं, आठवण येते का म्हणून. ती म्हणाली, "खायची न्हाई येत. पण मासा दिसायचा बी बंद झाला, त्याचं वाटतं." म्हणून धुण्याचा ढीग घेऊन आम्ही ओढ्यावर निघालो की तिची पावलं हलकी व्हायची. आमचा ओढा गावाला वळसा घालून जायचा. वर एक जुना दगडी बंधारा, मग दोन्ही अंगांना कापसाची रानं, मग गावाजवळ करंजाच्या झाडांखाली डोह, आणि डोहाच्या खाली थोड्या अंतरावर बौद्धवाडा. डोहाच्या कडेला वाळूत आमचा झिरा होता. घरच्या आडाचं पाणी मचूळ, म्हणून प्यायला झिऱ्याचं. वाटीनं हळूहळू घागर भरायची. बौद्धवाड्याचा झिरा वेगळा, खालच्या अंगाला. तिथं माझ्या वर्गातली सुशीला पाणी भरायला यायची. शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो, पण ओढ्यावर ती खाली आणि मी वर. तसंच असतं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

धुणं आटोपलं की वैनी डोहात पाय सोडून बसायची. बारीक मासे येऊन तिच्या पायाला चावे घ्यायचे, जोडव्यांभोवती घोटाळायचे. ती त्यांच्याशी बोलायची. "कामून पळायलास रे? मी काय खाते का आता तुला?" घरात तोंडातून शब्द न काढणारी ही मुलगी पाण्यात पाय गेले की अखंड बडबडायची. धरणाची दारं उघडली की कसा धुरळ्यासारखा पाण्याचा फवारा उठायचा, तिची आई मरळ मासा कसा साफ करायची, वडील पाळीवरून आले की त्यांच्या कपड्यांना तेलाचा कसा वास यायचा. मी आजवर अनेकांची बोलणी ऐकली. एसटी स्टँडच्या खिडकीवर आख्खी नोकरी केली, त्यामुळं माणसांचं बोलणं ऐकणं हाच माझा धंदा होता. पण त्या डोहावरचं ऐकणं पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. एका सकाळी आम्ही डोहावर गेलो तर पाण्यावर सगळीकडं मासे उलटे पडलेले. पांढरी पोटं वर. बारीक तर होतेच, पण वीतभर लांबीचेही. काठाला बेडूक मेलेले. वैनीच्या हातातली घागर खाली पडली. मला तिच्या घाबरण्याचंच नवल वाटलं, कारण मी हे लहानपणापासून पाहत आले होते. पावसाळ्यात मधूनच असा दिवस यायचा. माय म्हणायची, ऊन-पावसाचा खेळ झाला की पाणी नासतं. कुणी म्हणायचं, नागीण पाण्यात उतरली. आणि गावातली बरीचशी गडीमाणसं म्हणायची, बौद्धवाड्यातले लोक रानातलं कसलं तरी फळ ठेचून डोहात टाकतात, मासे गुंगले की जाळ्यानं गोळा करतात. सुशीलाचे वडील जाळं टाकायचे हे खरं होतं. त्यामुळं बोट त्यांच्याकडंच जायचं.

"मासे खायला मारले असते," वैनी म्हणाली, "तर असे टाकून कामून गेले असते?"

इतकी साधी गोष्ट, पण गावात कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

तिनं त्या दिवसापासून ओढ्याचा पिच्छाच घेतला. धुण्याचं निमित्त करून आम्ही वर बंधाऱ्यापर्यंत जायचो. तिथं मासे खुशाल फिरत असायचे. खाली येऊ तसं कमी व्हायचे. काठानं चालताना तिला बाभळीच्या बुडात फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या, कवटीचं चित्र असलेल्या. त्या मीही रोज पाहायचे. आमच्या घरी अशाच एका बाटलीत रॉकेल ठेवलेलं होतं. वैनीनं एक बाटली उचलून हुंगली आणि तोंड फिरवलं. मग म्हणाली, "शकू, मला एक करून बघायचंय. पण आत्याबाईंना सांगू नको."

माहेराहून तिनं लोणच्याच्या काचेच्या बरण्या आणल्या होत्या. बऱ्याचशा रिकाम्या झाल्या होत्या. तिनं ठरवलं, ओढ्याचं वेगवेगळ्या जागचं पाणी वेगवेगळ्या बरणीत घ्यायचं, प्रत्येकीत बंधाऱ्यावरचे मासे सोडायचे आणि बघायचं कुठले जगतात. कुणी शिकवलं नव्हतं तिला. सातवीपर्यंत शिकलेली. लहानपणी क्वार्टरमध्ये खिडकीत काचेच्या भांड्यात मासे पाळायची, तेवढंच. आम्ही दोघींनी लुगड्याचं टोक धरून मासे पकडले, बरण्या भरल्या आणि गोठ्याच्या कोनाड्यात मांडल्या. दुपारपर्यंत सगळ्या बरण्यांतले सगळे मासे मेले. बंधाऱ्याच्या पाण्यातलेसुद्धा. वैनी गव्हाणीला टेकून बसली आणि रडायला लागली. ती इतकी रडली की मला वाटलं, तिला माहेरचीच आठवण आली असावी. आणि त्याच वेळी माय शेण भरायला गोठ्यात आली.

मायनं आधी बरण्या पाहिल्या, मग मासे, मग सून. "माळकऱ्याच्या घरात मासळी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पाटी जोरात आपटली. "कशासाठी चाललंय हे?" वैनीनं डोळे पुसत सगळं सांगितलं. मायनं ऐकून घेतलं, बरणीत बोट घालून जिभेला लावलं आणि थुंकली. "खारट हाय. बरण्या राखेनं घासल्या होत्या का नुसत्या इसळल्या?" आम्ही नुसत्या विसळल्या होत्या. लोणच्याचं मीठ आणि तेल तळाशी तसंच होतं. "एवढी अक्कल न्हाई आणि चालल्या पाणी तपासायला," असं म्हणून माय निघून गेली. जाताना एवढं मात्र म्हणाली, की मासे घराच्या उंबऱ्याच्या आत आले तर दोघींनाही येलदरीला धाडीन. गोठ्याबद्दल ती काही बोलली नाही. त्याचा अर्थ आम्हाला कळला.

पुढच्या वेळी बरण्या राखेनं घासल्या, उन्हात वाळवल्या. मासे जगले. सगळ्या बरण्यांतले जगले, डोहाच्या पाण्यातलेही. वैनी पुन्हा हिरमुसली. मग आमच्या लक्षात आलं की त्या आठवड्यात पाऊस लागून होता आणि कुणीच फवारायला गेलं नव्हतं. आता थांबायचं होतं. ते थांबण्याचे दिवस मला फार आठवतात. रोज सकाळी आम्ही मासे नुसते ठेवून बघायचो, पाणी बदलायचो, पिठाचे कण टाकायचो. सुशीलाला मी शाळेत सगळं सांगितलं होतं. तीही त्यांच्या झिऱ्याचं पाणी तांब्यात घेऊन यायची आणि गोठ्याच्या मागच्या अंगाला उभी राहायची. ती आत येत नसे, वैनी बाहेर जायची. तिघी त्या भिंतीच्या सावलीत उकिडव्या बसून बरणीत टक लावून बघत राहायचो. सुशीला म्हणायची, "ह्यो मधला बघ, गणिताच्या सरांसारखा तोंड उघडतोय." आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो.

उघाडी पडली आणि सगळं गाव कापसाच्या रानात उतरलं. फवारणी करताना पंपाचा दांडा वर-खाली होतो, त्याचा खट्-फुस्स, खट्-फुस्स असा आवाज दिवसभर चारी बाजूंनी यायला लागला. संध्याकाळी गडीमाणसं पाठीवरचे पंप घेऊन डोहात उतरायची. तिथंच पंप धुवायची, तिथंच उरलेलं औषध सांडायची, मग अंघोळ करून घरी. माझा दादाही त्यातच. सकाळी आम्ही पाणी आणलं. डोहाच्या बरणीतले मासे आधी वेड्यासारखे गरगर फिरले, वर उसळले, मग वाकडे झाले. भाकरी खायच्या आत मेले. सुशीलाच्या झिऱ्याच्या पाण्यातले तिसऱ्या प्रहरी. बंधाऱ्याचे मात्र शेपट्या हलवत होते. वैनी या वेळी रडली नाही. ती हळूच पोटावर हात ठेवून उभी राहिली. तिला दिवस गेले होते, आणि ते घरात फक्त मायला आणि मला माहीत होतं.

त्याच उघाडीत शेजारच्या किसनरावांची वगार, म्हशीची पारडी, डोहावर पाणी पिऊन आली आणि तोंडाला फेस येऊन मेली. किसनराव आमच्या बांधाला बांध असलेले, पैसेवाले, आबांच्या बरोबरीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि आणखी चार-पाच जण आमच्या ओसरीवर आले. आबांच्या शब्दाला गावात मान होता. "आता लय झालं," किसनराव म्हणाले. "वाड्यातल्या लोकांनी पाण्यात इख कालवलंय. आज वगार मेली, उद्या माणूस मरंल. मी जिंतूरला जाऊन पोलिसात कागद देतो, त्या जाळेवाल्याच्या नावानं. तुमची सही पायजे." जाळेवाला म्हणजे सुशीलाचे वडील. मी माजघरात शाळेची वेणी घालत होते. माझे हात थांबले.

वैनीनं माझ्याकडं बघितलं आणि गोठ्याकडं बोट केलं. मी गेले. त्या पहाटेही भरून ठेवलेल्या दोन बरण्या छातीशी धरून आणल्या आणि ओसरीवर आबांच्या पुढं ठेवल्या. एकीत मेलेले मासे, एकीत जिवंत. आबांच्या ओसरीवर मासे कधी आले नव्हते. कुणी तरी हसलं. किसनराव म्हणाले, "पोरी, बाटलीत कोंडले की मासे मरणारच की."

दाराआडून वैनीचा आवाज आला. लग्न झाल्यापासून आबांच्या देखत तिनं काढलेला तो पहिला शब्द. "दोनी बाटल्या एकसारख्याच हायत, मामा. मासे बी एकाच जागचे. ह्याच्यात बंधाऱ्याचं पाणी हाय, त्याच्यात डोहाचं. काल सांजच्याला डोहात पंप धुतल्यावरचं."

आबांनी वाकून दोन्ही बरण्यांकडं पाहिलं. मग खांबाला टेकून उभ्या असलेल्या दादाला विचारलं, "काल पंप कुठं धुतलास?"

दादानं मान खाली घातली. "सगळे धुत्यात तिथंच धुतला."

"माझा गडी बी तिथंच धुतो," किसनराव म्हणाले, "आजच धुतोय का? खामखा बायकांच्या नादी लागून..." आणि बोलता बोलता ते मध्येच थांबले. त्यांची वगारही तिथंच पाणी प्यायला जायची.

आबांनी पाणी मागितलं. माय तांब्या घेऊन बाहेर आली. पाहुण्यांपुढं ती कधी थांबत नसे, तांब्या ठेवून आत जायची. त्या दिवशी ती थांबली. "डोहाच्या झिऱ्याचंच हाय," ती म्हणाली. "सून पोटुशी हाय. तिला आता काय पाजायचं, ते तुमीच सांगा." आबांनी तोंडाकडं नेलेला तांब्या तसाच खाली ठेवला. आवाज न करता, जपून ठेवला. सही त्यांनी केली नाही. किसनराव चपला पायात सरकवून उठले आणि जिंतूरलाही गेले नाहीत.

त्या दिवसापासून आमचा पंप रानातच धुतला जाऊ लागला. आबांनी बांधावर, ओढ्यापासून दूर, एक खड्डा खोदून घेतला, पाण्याचं पिंप ठेवलं. वापरलेल्या बाटल्या पुरायला लावल्या. पण बाकीच्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळी पुन्हा डोहात उतरले. दमलेल्या माणसाला वाहतं पाणी समोर दिसत असताना खड्ड्यापाशी कोण थांबणार? त्यांचंही चुकत होतं असं मी आज म्हणत नाही. दिवसभर ते औषध त्यांच्याच पाठीवरून गळत असायचं. त्यांना फक्त ते अंगावरून उतरवायचं असायचं.

वैनी मला घेऊन बौद्धवाड्यात गेली. सुशीलाची आई, कौसाबाई, अंगणात तूर पाखडत होती. वैनीनं तिला सांगितलं, की झिऱ्याचं पाणी पिऊ नका, फवारणीच्या दिवसांत तर अजिबातच नको. कौसाबाईनं सूप खाली ठेवलं. "कोंबड्या मेल्या तवाच कळलं आमाला," ती म्हणाली. "पण सांगायचं कुणाला? आमच्याच माणसावर आळ आला असता. तसा तो आलाच." कौसाबाईनं चहा टाकला. कपबशी पुढं करताना तिनं वैनीच्या चेहऱ्याकडं रोखून पाहिलं. वैनीनं कप उचलला आणि प्यायली. मीही प्याले. त्या चहात आलं फार होतं.

"गड्यांना सांगून भागत न्हाई," वैनी शेवटी म्हणाली. "काय इलाज करावा?"

कौसाबाई हसली. "बायका धुणं धुवायला बसल्या असल्या, तर गडीमाणूस डोहात उतरतो का?"

"न्हाई उतरत."

"मग आपण सकाळी कामून धुतो? सांजच्याला धुवू."

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी दिवस कलला तसं कौसाबाई, सुशीला आणि वाड्यातल्या चार बायका धुणी घेऊन डोहावर येऊन बसल्या. वरच्या अंगाला वैनी आणि मी. इतक्यात मागून माय आली, डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं. "माझ्या गोधड्या राहिल्यात," एवढंच म्हणाली आणि दगड धरून बसली. पाठीवर पंप घेऊन माणसं येऊ लागली. काठावर यायची, बायका ओलेत्या बसलेल्या बघून थबकायची, खाकरायची. कुणी बाभळीखाली बिडी ओढत वाट पाहायचा. आम्ही उठतच नव्हतो. धुतलेलं परत धुवायचो. शेवटी माणसं वैतागून रानाकडं माघारी जायची. एकजण मात्र हट्टानं खाली उतरायला लागला, तशी माय लुगड्याचं टोक त्याच्यापुढं धरून म्हणाली, "ये बाबा, ये. लुगडं पिळू लाग." सगळ्या बायका हसल्या. तो असा पळाला की त्याच्या पंपाची नळी करंजाला अडकली.

हळूहळू गावातल्या इतर बायका यायला लागल्या. सुरुवातीला वरच्या दगडांवर आमच्या, खालच्या दगडांवर वाड्यातल्या. बोलणं नाही. नुसता धोपाटण्याचा आवाज, वर एक, खाली एक. मग कुणाचा तरी साबण पाण्यात निसटून खाली गेला आणि कौसाबाईनं तो पकडून वर दिला. मग कुणाच्या तरी सुनेची कथा अर्धी राहिली ती दुसऱ्या दिवशी ऐकायला दोन दगड जवळ आले. सगळं काही बदललं असं नाही. देवळात, लग्नात जे होतं ते तसंच राहिलं, आणि माय घरी आली की हातपाय धुऊनच आत जायची. पण त्या एका घटकेला, दिवस मावळताना, पाण्यावर पिवळा उजेड पडलेला असताना त्या सगळ्या जणी एका पाण्यात पाय सोडून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. वैनीचं पोट दिसू लागलं होतं. ती मध्यभागी बसायची. कुणी तिला चिंच आणून द्यायचं, कुणी मुठीत लपवून आणलेली भाजलेली माती. सुशीला आणि मी दगडावर ओल्या बोटानं बीजगणित सोडवायचो. गणित संपायच्या आत वरची ओळ वाळून जायची.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत पुन्हा मासे मेले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात एक दिवस खंड्या येऊन करंजाच्या फांदीवर बसला आणि सूर मारून मासा घेऊन गेला. वैनी मांडीवरच्या लेकीला हात वर करून दाखवत होती. "बघ, तुझ्या आज्याच्या गावचं पाखरू." वगार गमावलेले किसनरावसुद्धा एकदा आबांना म्हणाले, की बैलं आता डोहावर मान लांबवून पितात. आबा नुसते हुं म्हणाले. पण त्या रात्री जेवताना त्यांनी, "सुनेला आधी वाढ," असं मायला सांगितलं. आमच्या घरात त्याआधी असं कुणी म्हटलं नव्हतं.

हे किती दिवस टिकलं? जोवर बायका ओढ्यावर धुणं धुवायला जात होत्या तोवर. मग गावात नळ आले. त्याची आम्ही सगळ्यांनीच किती वाट पाहिली होती. नळाला पाणी आलं त्या दिवशी मायनं तोटीला हळदकुंकू वाहिलं. बायका अंगणात धुऊ लागल्या, डोह मोकळा झाला, आणि पंप परत तिथं उतरले. कुणी मुद्दाम केलं नाही. परवा सुशीलाचा फोन आला होता. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, आता जिंतूरला असते. सांगत होती, ओढा मशीननं खोल केला, सरळ केला. करंज राहिले नाहीत. आता सोयाबीनमध्ये तण मारायचं औषध मारतात, पंपही बॅटरीवर चालतो, आवाज येत नाही. पाणी बाटलीबंद जारमधलं पितात. "पण मी शाळेत असताना पोरांना बरण्यांचा प्रयोग करून दाखवायचे," ती म्हणाली. "दरवर्षी. वैनीचं नाव घेऊन." मला हे तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं. वैनीलाही सांगितलं नव्हतं, आणि आता वैनी नाही. तिला जाऊनही बरीच वर्षं झाली.

वैनीनं गाव सोडलं ते नळ यायच्या आधीच. शेतीत दोन घरं चालत नाहीत म्हणून दादानं औरंगाबादेत कारखान्यात नोकरी धरली आणि एका सुगीनंतर वैनीला आणि लेकीला घेऊन निघाला. तिथं त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि पाणी टँकरनं यायचं. ती मला पत्रात गमतीनं लिहायची, की टँकर आला की आख्खी गल्ली पळते, मीही पळते. पण ते सगळं नंतरचं. निघायच्या दिवशी मी फाट्यापर्यंत पोचवायला गेले. बस आली, सामान चढलं. मुलगी माझ्या कडेवरून उतरेना. वैनीनं तिला ओढून घेतलं आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता मागं वळून म्हणाली, "शकू, आज सांजच्याला तू जा बरं. आत्याबाईंचे गुडघे दुखायलेत." मी हो म्हटलं. कंडक्टरनं घंटी मारली. धुरळ्यात बस दिसेनाशी झाली तरी मी उभी होते.

त्या संध्याकाळी घरात धुवायला काहीच नव्हतं. ती सकाळी उठून सगळं धुऊन, घड्या घालून गेली होती. मी कोपऱ्यातल्या त्या कोरड्या घड्या उचलल्या, आबांचे दोन सदरे, मायचं लुगडं, माझी ओढणी, आणि डोहावर गेले. कौसाबाईनं सरकून जागा करून दिली. मी एकेक कपडा पाण्यात बुडवला आणि दिवस मावळेपर्यंत, पंप घेऊन आलेली माणसं काठावरून परत फिरेपर्यंत, ते स्वच्छ कपडे धूत बसले.